टोपलीभर चुना

या सगळ्यात बाबारावांचा एक टोपली चुना वाचणार होता. मित्रांनो, एवढं आधी ध्यानात ठेवा. शेवटी कामाला येईल.

मी एक जुना लोखंडी चाकू आहे. बाभुळगावच्या लोहाराने मला बैलगाडीच्या मोडक्या धावेतून घडवलं. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. तेव्हा जन्माआधीच मी बरीच वाट तुडवून बसलो होतो. गफ्फारमियांनी मला विकत घेतलं. ते स्टोव्ह-कंदील दुरुस्त करत आणि मी काजळी खरडत असे. मी कुणाच्या अध्यात नव्हतो, मध्यात नव्हतो.

मग १९५९ साली शेतकी खात्याचे एक साहेब गावात आले. लिंबाच्या झाडांवर खैऱ्या रोग पडला होता. पानांवर, फळांवर खरबरीत तपकिरी फोड येत, आणि असं लिंबू बाजारात कुणी हातात धरत नसे. साहेबांनी औषध करून दाखवलं. मातीच्या रांजणात मोरचुदाचं निळं पाणी आणि त्यात चुन्याचं दूध. चुना कमी पडला तर हेच औषध पानं जाळतं. तो पुरेसा झाला की नाही, हे कसं कळावं? साहेबांनी जमलेल्यांतल्या गफ्फारमियांकडून मला घेतलं आणि रांजणात बुडवलं. मी तांब्यासारखा लाल होऊन वर आलो. त्यांनी आणखी चुना टाकायला लावला, मला राखेने घासलं, पुन्हा बुडवलं. या खेपेला मी जसा गेलो तसाच निघालो. आता खुशाल फवारा, साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून माझा भाव वधारला. गफ्फारमियांनी फवारणीचा पंप घेतला. पावसाळ्यात पाच बागांचं काम त्यांना मिळू लागलं, आणि स्टोव्हपेक्षा त्या कामावर त्यांचं घर चालू लागलं. लोक पंपाला नव्हे, मला विचारत.

१९६१च्या आषाढात आम्ही बाबारावांच्या लिंबाच्या बागेत गेलो. बाबाराव मोठे सावध गृहस्थ. गिरणीतून दळण आलं की ते पीठ पाहत नसत, आणणाऱ्याचं तोंड पाहत. त्या साली चुना दमट हवेत पडून कमजोर झाला होता. सकाळच्या रांजणात मी एकदा लाल झालो, एक टोपली चुना पडला. पुन्हा लाल झालो, आणखी एक टोपली पडली. बाबारावांच्या कपाळावर आठी आली. कारण चुना होता निजामुद्दीनच्या भट्टीचा, आणि निजामुद्दीन गफ्फारमियांचा साडू.

दुपारी सगळे भाकर खायला विहिरीवर गेले. मी रांजणाच्या काठावर होतो. बाबाराव आले, मला उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला. त्यांची खात्री झाली होती, की याला लाल करायला गफ्फारने काहीतरी फासलं आहे. त्यांनी मला धोतराच्या सोग्याला खसखसून पुसलं आणि पुन्हा लाल होऊ नये म्हणून चटणीवर घ्यायचं जवसाचं तेल बोटाने माझ्या पात्यावर चोळलं. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला कुणी तेल लावत होतं. खरं सांगतो, बरं वाटलं.

दुपारच्या रांजणात गफ्फारमियांनी मला बुडवलं. तेलाच्या थराखाली माझं तोंड बंद. मी लाल झालोच नाही. त्यांना नवल वाटलं, पण दोन वर्षांत मी त्यांना कधी फसवलं नव्हतं. त्यांनी तेवीस झाडांवर ते औषध मारलं. चुन्याची टोपली भरलेलीच राहिली, आणि बाबाराव तिच्याकडे बघून मिशीत हसले.

चौथ्या दिवशी त्या तेवीस झाडांची पानं करपली. गोटीएवढी लिंबं खाली सडा पडावा तशी पडली. विहिरीवर आसपासचे बागवाले जमले.

"साडूचा चुना खपला नाही म्हणून यानं माही बाग जाळली," बाबाराव म्हणाले.

गफ्फारमियांचं म्हणणं एकच, चाकू लाल झाला नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिघा बागवाल्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, मियाँ, यंदा आमच्याकडे येऊ नका.

त्या बागेत लिंबं तोडायचं काम दरसाल मथुराबाईंचं. त्याआधी चारपाच वर्षांपूर्वी गावातली जी घरं बौद्ध झाली, त्यांतलं एक त्यांचं. फवारणीच्या दिवशी पाणी त्यांनीच वाहिलं होतं.

"गफ्फारभाऊ, थो चाकू द्या बरं इकडे," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी मी पाह्यलं, याच्यावरून पानी अळूच्या पानावानी घरंगळत होतं."

त्यांनी मला नाकाशी धरलं. मग चिमूटभर राखेने असं घासलं की माझ्या अंगाची आग झाली. झाकलेल्या रांजणाच्या तळाशी त्या दुपारचं निळं पाणी उरलं होतं. त्यात मला बुडवून त्यांनी सगळ्यांदेखत वर काढलं. मी लालभडक होतो.

"जवसाचं तेल हाय. आता चाकू काई भाकर खात नाई, बाबारावजी. मंग याले तेल कोनं वाढलं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"मले वाटलं, त्यानंच काई लावलं असन," बाबाराव हळूच म्हणाले.

"इचारलं काहून नाई, भाऊ?" गफ्फारमियाँ एवढंच बोलले.

बाबाराव पुढच्या आठवड्यात स्वतः गाडी जुंपून त्या तिघांकडे आपली चूक सांगून आले. दोघांनी गफ्फारमियांना परत बोलावलं. तिसऱ्याने आजतागायत नाही. न जाणो, म्हणतो.

आज मी छपराच्या वाशात खोचलेला असतो. मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. मला जपा, पण लाडाने तेल लावू नका. काही विचारायचं असेल तर आधी राखेने घासा, मग विचारा.

आता ती टोपली. वाचलेला चुना पावसात भिजून कोपऱ्यात दगड झाला, बाबारावांची कोंबडी त्यावर बसते. तेवीस झाडांची लिंबं बाबारावांची गेली. एक बाग गफ्फारमियांची गेली. आणि त्या तेवीस झाडांखाली मथुराबाईंचे पंधरा दिवस तोडणीचे होते. त्यांनी कुणावर संशय घेतला नव्हता. ते पंधरा दिवस त्या दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेल्या, पण त्या दिवशी विहिरीवरून जाताना मला गफ्फारमियांकडे परत देऊन गेल्या होत्या, घासून, कोरडा करून.