कुंकू लावलेला डोंगल

मी एक जुना डोंगल आहे. हे नाव ऐकून मुलं हसतात, मला ठाऊक आहे. हसा मित्रांनो, पोटभर हसून घ्या. मग मात्र जरा शांत बसा, कारण मला जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही.

करंगळीच्या पेराएवढा माझा देह. मला संगणकात खोचलं की मी हाक मारायचो आणि जवळच्या मोबाईलनं ओ द्यायची, मध्ये वायर नाही की काही नाही. या विद्येला ब्लूटूथ म्हणतात. माझी हाक फार लांब जात नसे. दुकानाच्या फळीपासून समोरच्या चहाच्या गाड्यापर्यंत, बस्स! पण तेवढ्यात मी फोटो, गाणी, आवाज असं काहीही इकडून तिकडे पोचवत असे. माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते हुबळीच्या कमरीपेठेतलं भीमरावांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तिथे मी दोन हजार पाच साली आलो.

काय दिवस होते ते! धारवाडच्या कॉलेजातली पोरंपोरी रिंगटोनसाठी गर्दी करायची. "अण्णा, फोन दिसतच नाही की हो संगणकात," अशी कुणीतरी कुरकुर करायचं आणि भीमराव ओरडायचे, "अहो, आधी तुमचं ब्लूटूथ तर चालू करा!" मग परवलीची चार शून्यं दाबायची की दोघांची जोडी जमली. भीमराव गिऱ्हाइकांना मला बोटानं दाखवायचे. "एवढंसं आहे, पण अर्धं दुकान हेच ओढतंय बघा." मी फुगून जायचो. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा चांगलाच गर्व झाला होता.

दोन हजार सातची खंडेनवमी आली. आमच्याकडे या दिवशी यंत्रांची पूजा करतात. रिक्षा, शिवणयंत्रं, करवती, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि पूजा झाली की यंत्रांना त्या दिवशी हात लावायचा नाही, ती विश्रांती घेतात. भीमरावांच्या बायकोनं, शांताबाईंनी, संगणक पुसला, पडद्यावर गंधाची बोटं ओढली. मग मला उपसून तळहातावर घेतलं. "हा तर सगळ्यात राबणारा," असं म्हणत त्यांनी माझ्या कपाळी ओलं गंध लावलं, वर कुंकू लावलं. माझं कपाळ आणि तोंड एकाला एक लागूनच. गंधाचा ओघळ माझ्या पत्र्याच्या तोंडात उतरला. त्यांना ते कळलं नाही. मला कळलं, पण कौतुक चाललं होतं ना! मी गप्प बसलो.

तेवढ्यात एक बाई दाराशी आल्या. साठीच्या, साधं लुगडं, हातात रुमालात गुंडाळलेला मोबाईल. त्या धारवाडजवळच्या केलगेरीच्या भागीरथीबाई. त्यांचे यजमान आप्पासाहेब शाळामास्तर होते, श्रावणात वारले. घरात यंदा सण नव्हता, म्हणून त्या एवढ्या सकाळी बसमध्ये बसून येऊ शकल्या.

"अण्णा, यांचा आवाज आहे यात," त्या म्हणाल्या. "नवीन फोन आणला तेव्हा यांनी काहीतरी दाबलं आणि बंद करायचं विसरले. पाच मिनिटं आवाज भरला गेलाय. रोज ऐकते मी. परवा खिडकीतून फोन बादलीत पडला. धारवाडचा दुरुस्तीवाला म्हणाला, एक-दोन दिवस चालेल, आतलं काय ते लवकर काढून घ्या."

फोन जुना होता. त्यात मेमरी कार्ड नव्हतं आणि त्याची केबल गावात कुठे मिळत नव्हती. राहिलो मीच.

भीमरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग शांताबाईंकडे. शांताबाई हळूच म्हणाल्या, "आत्ताच पूजा झाली की हो."

"अक्का, आज यंत्र हलवायचं नसतं," भीमराव म्हणाले. "उद्या दसरा. उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच करतो. मुहूर्ताचं काम होईल. एका दिवसानं काय होतंय?"

भागीरथीबाईंनी पेठेकडे वळून पाहिलं. "आणखी कुणाकडे जाऊ का?" त्यांनी विचारलं. पण त्या दिवशी अख्ख्या पेठेत सगळीच यंत्रं कुंकू लावून बसलेली. त्या फोन रुमालात गुंडाळून परत गेल्या. वाईट माणसं नव्हती हो ही. भीमरावांनी त्यांना प्रसादाचे पेढेसुद्धा दिले.

रात्रभरात माझ्या तोंडातलं गंध वाळून घट्ट झालं.

दसऱ्याला भागीरथीबाई दुकान उघडायच्या आधीच हजर. भीमरावांनी मला खोचलं. मी हाक मारली, फोननं ओ दिली आणि तेवढ्यात माझा श्वासच तुटला. पुन्हा हाक, पुन्हा तेच. भीमरावांनी मला उपसलं, शर्टाला पुसलं, फुंकर मारली, टाचणीनं खरवडलं. फोन तापत चालला होता. दर खेपेला त्याची ओ बारीक होत होती. पाचव्या खेपेला जमलं! पडद्यावरची पट्टी सरकू लागली. आप्पासाहेब माझ्यातून जाऊ लागले. त्यांचा खोकला, कपबशीचा आवाज, मग बोलणं. मी जिवाच्या आकांतानं धरून ठेवलं. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि माझी पकड सुटली. अर्धवट आलेलं संगणक ठेवत नाही, पुसून टाकतो. त्यानं पुसलं.

भीमराव दुसरा डोंगल आणायला कोप्पीकर रोडकडे पळत गेले. दसऱ्यामुळे तीन दुकानं बंद, चौथ्यात मिळाला. धापा टाकत परत आले तोवर फोन विझला होता. बॅटरी बदलून पाहिली, उघडून पाहिला. तो पुन्हा लागला नाही.

भीमराव खाली मान घालून म्हणाले, "अक्का, चूक माझी. काल करायला पाहिजे होतं." शांताबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मित्रांनो, दोष माझाही होता. कौतुकात मी गप्प बसलो, त्याचं पाप माझ्याच माथी.

पुढे दोन-तीन वर्षांत फोनमध्ये, संगणकात ब्लूटूथ आतच बसून येऊ लागलं. माझी गरज सरली. आता मी खणात गंजक्या स्क्रूंबरोबर पडलो आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. माझी एकच विनवणी आहे. यंत्राला जपा, त्याची पूजा करा, ओलं गंध मात्र त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. आणि जे हरवलं तर परत मिळणार नाही, त्याच्यासाठी कुणी दाराशी आलं, तर देवाची क्षमा मागा आणि यंत्र सुरू करा. देव रागावणार नाही.

त्या दिवशी भागीरथीबाई मात्र कुणावर रागावल्या नाहीत. बंद फोन हातात धरून बसल्या. शांताबाईंनी पाणी दिलं आणि भीत भीत विचारलं, "काय बोलत होते हो ते?"

"विशेष काही नाही," त्या म्हणाल्या. "'भागू, गॅस बंद केलास का? बस, चहा निवतोय.' एवढंच."

मग फोन रुमालात गुंडाळत म्हणाल्या, "शब्द सगळे पाठ आहेत मला. पण ते माझ्याच आवाजात येतात."