ट्वायलाचं आडवं रीळ

ट्वायला रेनफ्रो सप्टेंबरातल्या एका मंगळवारी माझ्या दुकानात शिरली ती मागच्या दारानं. नेहेलम नदीच्या पुलाशेजारचं हे मासेमारीच्या सामानाचं दुकान मी एकटीच चालवते. बावीस वर्षांत ट्वायला इथं शेकडो वेळा आली असेल, पण दर वेळी नवऱ्यासाठी. ड्वेनसाठी गळाला बांधायचं शिसं, ड्वेनसाठी गळ, ड्वेनसाठी आमिषाची, मिठात मुरवलेली सॅमन माशाची अंडी. नदीत त्यांची होडी दिसली की चित्र ठरलेलं असायचं. पुढच्या फळीवर ड्वेन गळाची काठी धरून बसलेला आणि मागं ट्वायला वल्ही मारत असलेली.

"मार्लिस, मला रीळ हवंय," ती म्हणाली. "आडवं. आणि त्याच्या जोडीची काठी. ड्वेनला कळता कामा नये."

"अगं, तुमच्याकडे चार आहेत की."

"ड्वेनकडे चार आहेत."

मग तिनं शनिवारची गोष्ट सांगितली. अग्निशमन केंद्रात सगळ्या गावाचं जेवण होतं. तिथं कुणीतरी ट्वायलाला विचारलं, तू कधी गळ टाकत नाहीस का? उत्तर ड्वेननं दिलं. "हिचे हात वल्ह्यांसाठी घडलेत. हिच्या अंगठ्याखाली आडवं रीळ द्या, अर्ध्या मिनिटात चिमण्या अंडी घालायला येतील." सगळे हसले. ट्वायलाही हसली.

आडव्या रिळाची खोड अशी, की दोर सुटला की त्याची चकरी मोकळी फिरते. अंगठ्यानं वेळेवर दाबली नाही, तर दोर आतल्या आत असा गुंततो की नुसतं घरटं होतं. भल्याभल्यांचं होतं. ड्वेनचंही झालेलं मी पाहिलंय.

मी काचेखालून तीन रिळं काढली. तिनं एकेक तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि अंगठा चकरीवर ठेवला. पहिलं जड वाटलं. दुसऱ्याच्या चकरीपर्यंत अंगठा पोचायला मनगट वाकवावं लागत होतं. तिसऱ्यावर तो आपोआप जाऊन बसला.

"हे. पण फिरवायची मूठ डाव्या बाजूला असलेलं दे."

"इथं सगळे उजवीकडेच घेतात."

"घेतात आणि मासा लागला की काठी या हातातून त्या हातात करत बसतात. मी बावीस वर्षं मागं बसून बघतेय. माझी काठी उजव्या हातातच राहणार, डाव्यानं फिरवीन."

डावं एकच होतं, ते काढलं.

काठीच्या बाबतीत ती आणखी चोखंदळ निघाली. दहा फुटी काठी छताच्या पंख्यात अडकली म्हणून बाद. "होडीत मला काठावरच्या विलो झाडांच्या फांद्यांखालून जायचं असतं," ती म्हणाली. साडेआठ फुटी घेतली, तिचं टोक जमिनीला टेकवलं आणि हलके हलके उचलून बघितलं. शिसं नदीच्या तळावर टप्प टप्प टेकवत मागं सोडायचं, तर टोकाला दगड आणि मासा यांतला फरक कळला पाहिजे, आणि मुठीपाशी मात्र काठी दणकट हवी. हे तिनं मला सांगितलं. दुकानदार मी.

"आता मासा पळाला तर दोर कसा सोडतं ते बघू," ती म्हणाली. "तू पळ."

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची बाई, रबरी बूट घालून, दोराचं टोक मुठीत धरून पुलाच्या दिशेनं धावत सुटले. ट्वायला दुकानाच्या दारात पाय रोवून उभी. पोस्टमननं गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"काय चाललंय?"

"मी सॅमन आहे," मी सांगितलं.

त्यानं काच वर केली.

ट्वायलानं ती जोडी घरी नेऊन कोठारात, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागं लपवली. रोज सकाळी ड्वेन कॉफी प्यायला बेकरीत गेला की ती शाळेच्या मैदानावर जाऊन शिसं फेकायची.

दोन आठवड्यांनी ड्वेन माझ्याकडे आला. चेहरा लाडू मिळालेल्या पोरासारखा. काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाला, "मला सापडलं."

"काय सापडलं?"

"उगाच वेड पांघरू नकोस. पोत्यांमागचं. नऊ ऑक्टोबरला माझा वाढदिवस आहे, आणि असलं रीळ तुझ्याशिवाय इथं विकतं कोण?"

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. पण मला शनिवारच्या चिमण्या आठवल्या.

"तिला कळू देऊ नकोस हं," मी म्हणाले. "हिरमुसेल."

"छे, छे. पण एक घोळ आहे. मूठ डाव्या बाजूला आहे. बिचारीला काय कळतंय त्यातलं. बदलता येईल?"

"त्या रिळात नाही बदलता येत."

ड्वेन खिन्न झाला. मग मोठ्या मनानं म्हणाला, "असू दे. तिनं हौसेनं घेतलंय. मी डाव्या हाताची सवय करतो."

चार दिवसांनी तो तेच रीळ कोटात लपवून घेऊन आला. बाहेर काढलं तेव्हा मला तोंडावर हात ठेवावा लागला. घरटं म्हणणंही कमीच होतं. दोराची टोकं सगळीकडून बाहेर आली होती आणि मधे कोंबडीचं एक पीस अडकलं होतं.

"वारा होता," तो म्हणाला.

"कोठारात?"

"भरून दे लवकर. ती चार वाजता घरी येते."

सगळा दोर कापून काढावा लागला. मूळचा हिरवा होता. हिरवा संपला होता, म्हणून मी पिवळा भरला. "रंग तिच्या काय लक्षात येणार," ड्वेन म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ट्वायला दारात उभी. "माझा दोर एका रात्रीत पिकला कसा?"

मी सगळं सांगून टाकलं. ती फ्रीझरच्या झाकणावर बसली आणि इतकी हसली की डोळे पुसायला मला माझा टॉवेल द्यावा लागला. मग टॉवेल परत दिला.

"त्याला खरंच वाटतंय, की मी त्याच्यासाठी घेतलं?"

"तसंच वाटतंय. डाव्या हाताची सवयसुद्धा करतोय."

"बिचारा," ती म्हणाली. पण ते म्हणताना तिचे डोळे माझ्या मागच्या भिंतीवर फिरत होते, आणि जिथं थांबले ते पाहून मी शिडी आणायला गेले.

नऊ तारखेला त्यांच्या घरी मीही होते. बेरीचा केक कापून झाल्यावर ट्वायलानं लांबलचक पुडकं आणून ड्वेनच्या मांडीवर ठेवलं. वजनानं तो जरा चकित झालेला दिसला. तरी कागद फाडता फाडता म्हणालाच, "अगं, हे काय, मला कल्पनाच नव्हती."

आत वल्ह्यांची जोडी होती. ॲश लाकडाची, त्याच्या उंचीला बेतलेली. सोबत बसायला एक गुबगुबीत उशी.

ड्वेननं वल्ह्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी केकचा मोठा घास घेतला.

"उद्या सकाळी सहाला निघू," ट्वायला म्हणाली. "मी पुढं बसेन."

मला त्यांनी साक्षीदार म्हणून सोबत घेतलं. पहिल्या वळणावर ड्वेननं होडी दगडावर घातली, दुसऱ्यावर विलोच्या फांदीनं त्याची टोपी नेली. "इथं पाणी नेहमी एवढं जोरात असतं?" त्यानं धापा टाकत विचारलं. "नेहमी," ट्वायला मागं न बघता म्हणाली.

दहाच्या सुमारास मोठ्या डोहाच्या वर तिनं त्याला प्रवाहात होडी जागच्या जागी धरून ठेवायला सांगितलं. तो उलटी वल्ही मारत धरून राहिला. तिनं अंगठा उचलला, शिसं तळाला टेकलं, उचललं, टेकलं. मग काठीचं टोक एकदाच लवलं आणि तिनं झटका दिला.

चिनूक जातीचा सॅमन होता, मोठा. तो खाली पळाला आणि रीळ ओरडत दोर सोडत राहिलं. ड्वेन आता सूचना देणार असं मला वाटलं. तोंड उघडलंही त्यानं. पण बाहेर आलं ते, "ट्वायला, होडी कुठं नेऊ?"

"डावीकडे. उथळात. सावकाश."

तो सावकाश डावीकडे गेला. वीस मिनिटांनी मासा जाळ्यात आला. चोवीस पौंड. ट्वायला होडीच्या तळाशी बसून नुसती माशाकडे बघत राहिली. ड्वेननं हातमोजे काढले. दोन्ही तळहातांवर फोड आले होते.

"हे तुला दर वर्षी येतात?" त्यानं विचारलं.

"पहिल्या आठवड्यात. मग कातडी घट्ट होते."

त्याच दुपारी बेकरीत ड्वेन सगळ्यांना सांगत होता, की त्या डोहावर होडी स्थिर धरणं किती अवघड आहे आणि अशी होडी धरणारा असला की मासा कुणीही काढेल. ट्वायला शेजारच्या टेबलावर होती. तिनं ऐकलं, कॉफी संपवली आणि मला म्हणाली, "उद्या परत सहालाच."