आजाऱ्याची हत्यारे

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी लतीफभाई माझी हत्यारांची पिशवी न्यायला आले. आमच्यात ती रीत आहे. बहारीनमध्ये स्वतःच्या परमिटवर पोट भरणारे आम्ही काही कोकणी लोक, कुणी प्लंबर, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शिंपी, दर महिन्याला एका पेटीत आपापला वाटा टाकतो. आम्हाला सिक लीव्ह देणारा मालक नाही. जो अंथरुणाला खिळतो, त्याला बरा होईपर्यंत ही पेटी भाड्यापुरते आणि जेवणापुरते देते. अट एकच असते: तोवर त्याने काम करायचे नाही. हा शब्द नुसता तोंडी राहू नये म्हणून आजाऱ्याची हत्यारे दुसऱ्या सभासदाच्या घरी राहायला जातात.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. नईम या वस्तीच्या जुन्या गल्ल्यांत शिंप्यांची दुकाने एकमेकांना टेकून उभी आहेत, आणि त्यांची बहुतेक मशिने माझ्या हाताखालून गेलेली आहेत. आत काय बिघडले ते पाहायचे तर मशीनचे जड धड टेबलावरून उचलून आडवे करावे लागते. तसेच एकदा उचलताना जांघेत काहीतरी सरकल्यासारखे झाले. डॉक्टरांनी त्याला हर्निया हे नाव दिले.

लतीफभाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि ते एका बाजूला कलले.

"एवढं जड घेऊन हिंडतोस होय रे मेल्या? मग पोट फाटेल नाय तर काय! पाण्याचे पाइप परवडले."

मी हसलो. पिशवी दाराबाहेर गेली आणि माझी लहानशी खोली अकारण मोठी झाली. मनुष्याच्या मालकीचे म्हणून जे काही असते, ते किती सहज दुसऱ्याच्या गाडीत बसून तुबलीला, त्याच्या घरी, निघून जाते, असे वाटले.

शस्त्रक्रिया सुखरूप झाली. त्यानंतरचे दिवस मला अजूनही एखाद्या दुसऱ्याच माणसाच्या आयुष्यातले वाटतात. ऑगस्ट चालू होता. खिडकीच्या काचेवर बाहेरून दमट हवेचे थेंब जमत, आणि त्यांच्यातून समोरची पांढरी भिंत पाण्याखालची असावी तशी दिसे. पहाटेची अजान, मग दुपारपर्यंतची सुन्न शांतता, मग उन्हे उतरल्यावर खाली खुर्च्या ओढल्याचे आवाज. आजवर हे सारे माझ्यावाचून घडत होते आणि मी कधी पाहिले नव्हते. वेदना होती, पण ती शहाण्या पाहुण्यासारखी एका जागी बसून राही. एकटेपणाची मला सवय आहे. आराम मात्र मला नवीन होता.

दर आठवड्याला सभासदांपैकी दोघे न सांगता येत. आजाऱ्याची विचारपूस करणे हे पुण्याचे काम, म्हणून येत. आणि आजारी माणूस खरोखरच पडून आहे ना, हेही त्यांना पाहायचे असे. त्यातले कोणते आधी, हे कुणी विचारत नसे. लतीफभाईंची बायको, हमीदाभाभी, डब्यातून तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण पाठवी. मी खात असताना ते दोघे खोलीच्या कोपऱ्यांतून नजर फिरवीत, आणि मला त्याचे वाईट वाटत नसे.

वाईट वाटे ते एकाच गोष्टीचे. सप्टेंबरात इथल्या शाळा उघडतात आणि त्याआधी शिंप्यांकडे गणवेशांचे ढीग लागतात. लतीफभाई पडले तर त्यांची कामे दुसरा प्लंबर करतो आणि गिऱ्हाईक त्यांना परत देतो. माझी कामे करणारा मंडळीत कुणीच नाही. मशीन बंद पडलेला शिंपी माझी वाट पाहत बसणार नाही. बाहेरचा मेकॅनिक बोलावील, आणि एकदा दुसऱ्याचा हात लागलेले दुकान परत मिळत नाही. ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती. मी सहसा काहीच सांगत नाही.

त्यातच रशीदाआपांचा फोन आला. नईममध्ये त्यांचे शिलाईचे दुकान आहे, आणि त्या स्वतः पेटीच्या सभासद आहेत.

"अझहर, झोपलायस काय? नाय ना? बघ बाबा, तुला त्रास द्यायचा नव्हता. मशीन टाके सोडतंय. दोन बोटं शिवून होतंय आणि मग अंगठाभर मोकळंच जातंय. पोरींचे कपडे अंगावरच उसवतील ना रे!"

मी डोळे मिटले. "आपा, मशीन चालवा आणि फोन खाली धरा. शटलजवळ."

खालचा दोरा फिरवणाऱ्या त्या शटलचा आवाज आला. त्या घरघरीत एक बारीक टकटक होती, धातूला धातू चाटून जाताना होते तशी. मी म्हणालो, "सुई वाकडी झालीय. नवी लावा. लांब खाच डावीकडे."

"डावीकडे म्हणजे माझ्या की मशीनच्या?"

"तुमच्या, आपा."

पुष्कळ वेळ गेला. आपांनी सुई लावली, चुकवली, पुन्हा लावली, सुईला शिव्या दिल्या, सुई विकणाऱ्याला दिल्या. टकटक थांबेना. माझ्या कपाळावर घाम आला होता. आपण तिथे असतो तर क्षणाचे काम, हा एकच विचार मला आतून ढकलीत होता. मी केव्हा उठून बसलो आणि एका पायात चप्पल कधी सरकवली, हे मलाच कळले नाही. फोनमधून आपांचा विजयी स्वर आला, "चाललं रे चाललं!" आणि त्याच वेळी दारावर थाप पडली.

दारात हाशिमचाचा आणि लतीफभाई होते. तुबलीत एसी दुरुस्तीचे दुकान चालवणारे हाशिमचाचा पेटी सांभाळतात. ते कमी बोलतात आणि सगळे ऐकतात. माझ्या हातातल्या फोनमधून आपा अजून मशीन पळवून दाखवीत होत्या.

"हे काय चाललंय?" चाचांनी विचारले.

मी खरे ते सांगितले. चाचांनी मान हलवली, डबा टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, "शुक्रवारी दुकानात ये. लतीफ आणील गाडीतून. बसून बोलू."

ते गेल्यावर मी कालवण खाल्ले नाही. पेटीची मदत बंद झाली तर पुढच्या भाड्यासाठी मला पिशवी परत मागावी लागणार होती, आणि पिशवी आली की मशीन उचलणे आलेच. पण त्याहून मोठी गोष्ट मनाला कुरतडत होती. या परक्या देशात ज्या मोजक्या लोकांनी मला आपले मानले होते, त्यांच्यात मी फसवणारा ठरणार होतो.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, आम्ही चाचांच्या दुकानात, शटर अर्धे ओढून, एसीच्या खोक्यांवर बसलो. दाट दुधाचा कडक चहा फिरला. मंडळी जमली होती, आणि हमीदाभाभींबरोबर रशीदाआपाही आल्या होत्या.

"अझहरने काम केलं का, एवढंच ठरवायचंय," चाचा म्हणाले.

"काम मी केलं चाचा!" आपा उसळल्या. "हा पडल्यापडल्या हुकूम सोडत होता. माझी कंबर मोडली. सुई बसवता बसवता डोळ्यांतून पाणी आलं. आणि ह्याने एकदा तरी रागावावं? तर नाय. 'आपा, पुन्हा एकदा.' 'आपा, अजून एकदा.' मास्तर मेला!"

"मग पेटीतले पैसे आपांनाच देऊया," लतीफभाई म्हणाले. "कंबर मोडलीच आहे. हत्यारं जप्त करा त्यांची."

"तुझी जीभ जप्त करायला हवी आधी!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना जखम ओढली म्हणून पोट धरून वाकलो. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तू सांग. केलंस काम?"

आपांनी माझ्यासाठी दार उघडून ठेवले होते. त्यातून निसटून जाणे अगदी सोपे होते. पण चाचांच्या नजरेत राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"केलं, चाचा," मी म्हणालो. "आणि फोनचं सोडा. मशीन चाललं नसतं तर मी गेलो असतो. तुम्ही आलात तेव्हा माझ्या पायात चप्पल होती. मला भीती वाटते. मी परत उभा राहीन तेव्हा एकही दुकान माझं उरलेलं नसेल."

एवढे सलग मी त्यांच्यासमोर कधीच बोललो नव्हतो.

"चप्पल मी पाहिली होती," चाचा म्हणाले. "म्हणून तर बोलावलं. माझा धाकटा भाऊ असाच गेला होता शिडीवर. गिऱ्हाईक जाईल म्हणून. ऑपरेशनची पट्टी ओली होती अजून. आता गावाला, खेडला असतो. चालतो, पण वजन उचलत नाय कधीच." त्यांनी चहाचा घोट घेतला. "त्या दिवसाचे पैसे कापले जातील. नियम आहे. बाकीचे पैसे डॉक्टर हो म्हणेपर्यंत चालू. कुणाला काही बोलायचंय?"

आपांनी आधी मान डोलावली, मग बाकीच्यांनी.

"आणि फोन दे."

"फोन?"

"ह्याचं हत्यार तेच आहे. पिशवी नेऊन काय उपयोग झाला!" त्यांनी हात पुढे केला. "हमीदाकडे राहील. शिंप्यांना ती सांगेल काय ते. घरी बोलायचं असेल तर लतीफच्या फोनवरून बोल, रोज बोल."

मी फोन दिला. हमीदाभाभींनी तो पर्समध्ये टाकून चेन लावली, जणू तो कायमचाच त्यांचा होता.

परतताना मी लतीफभाईंच्या शेजारी पुढे बसलो, आणि दोघी मागे. तुबलीच्या खाडीवर संध्याकाळ उतरत होती. पाणी इतके निश्चल होते की त्याला स्वतःचा रंगच नव्हता. आकाशाने दिलेला गुलाबी रंग ते सांडू न देता धरून होते. ओहोटीच्या चिखलात काही उंच पायांचे पक्षी उभे होते. ते काहीच करीत नव्हते.

पर्समध्ये फोन वाजला. माझे सारे अंग मागे वळले. लतीफभाईंनी न पाहता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हां, अझहरचाच नंबर," भाभी मोठ्या आवाजात हिंदीत सांगत होत्या. "नहीं, वो नहीं मिलेगा। आप कौन? मआमीरवाले टेलर? मशीन बंद है तो कपड़ा डालकर रख दो। उसको भी हमने कपड़ा डालकर रखा है।" मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या, आणि फोन बंद करून आपांना म्हणाल्या, "भला माणूस आहे गो. थांबतो म्हणाला. वर विचारतो, अझहरला खायला काय चालतं?"

"काय सांगितलंस?"

"सगळं चालतं म्हटलं."

मी मान मागे टेकवली. गाडी उड्डाणपुलावर चढत असल्याचे जाणवले, ती उतरलेली मात्र मला आठवत नाही. नईमच्या गल्लीत, माझ्या घराखाली, लतीफभाईंनी हलवून जागे केले, तेव्हा कळले की तिघेही कितीतरी वेळ गाडी बंद करून, अंधारात, कुजबुजत बसले होते.