होयबांचा शेवटचा होकार

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली होयबा म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि त्यालाही तो हो म्हणायचा. गिऱ्हाइकानं विचारावं, "उद्या मिळेल ना?" की होयबांची मान खाली. मागून आलेल्यानं विचारावं, "पण माझं आधी ना?" की मान पुन्हा खाली. त्यामुळे दुकानाच्या भिंतीवर प्रत्येक घड्याळ आपापली वेळ धरून बसलेलं असे. एकाच वेळी चिडण्याचं काम तेवढं गिऱ्हाइकं करत. फिरता छत्रीवाला होयबांना एक छत्री विकून कोपऱ्यापर्यंत जायचा, तिथून परत फिरायचा आणि आणखी एक विकून जायचा.

बायको नेमकी उलट. तिला गल्ली वहिनी म्हणे. त्या संसाराला जेवढे 'नाही' लागत, तेवढे सगळे ती एकटी पुरवायची. छत्रीवाला तिला लांबून बघूनच रस्ता बदलायचा.

एका दुपारी होयबा दुकानात डोकं फुटून पडलेले सापडले. शेजारी भिंतीवरच्या घड्याळाचा जड पितळी लंबक पडला होता. त्यांना इस्पितळात आणलं धाकट्या भावानं, दोन्ही हातांवर उचलून. शर्ट रक्तानं भिजलेला. थोड्याच वेळापूर्वी या दोघांचं भांडण शेजारच्या न्हाव्यानं ऐकलं होतं. दोघांचं म्हणायचं आपली रीत म्हणून. भांडत एकटा धाकटा होता, थोरला मान हलवत होता. वडिलांचं जुनं घड्याळ होयबांनी धाकट्याला कबूल केलं होतं, आणि मग जो जो मागेल त्याला कबूल केलं होतं. धाकटा ओरडला होता, "अरे, एकदा तरी नाही म्हण! नाहीतर जीव घेईन तुझा!" न्हाव्यानं पोलिसांना यातलं दुसरं वाक्य तेवढं सांगितलं.

इस्पितळात होयबांची वाचा गेलेली होती. डोळे उघडे, मान हलत होती. जबानी घ्यायला दंडाधिकारी आले. डॉक्टरांनी रोगी शुद्धीवर असल्याचा दाखला दिला. त्याआधी व्हरांड्यात फौजदारानं वहिनींना विचारलं होतं, "कुणावर संशय?"

"भाऊजी सोडून दुसरं कोण असणार?" वहिनी म्हणाल्या.

आता खरं सांगायचं तर त्यांचा दिरावर राग होता तो वेगळ्याच कारणानं. भरल्या पंगतीत तो एकदा म्हणाला होता, "वहिनींच्या हाताची आणि मिठाची अजून ओळख व्हायचीय." लोक हसले, जेवले, विसरले. वहिनी विसरल्या नव्हत्या.

फौजदारानं दंडाधिकाऱ्यांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं, आणि दंडाधिकाऱ्यांनी खाटेजवळ वाकून विचारलं, "तुमच्या धाकट्या भावानं मारलं का?"

मान खाली गेली. अगदी स्वच्छ. डॉक्टरांनी पाहिली, दंडाधिकाऱ्यांनी पाहिली, पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या असलेल्या वहिनींनी पाहिली.

सगळे निघून गेले. वहिनी खाटेशी बसल्या. उभा जन्म त्यांनी ती मान पाहिली होती. त्यांना राहवेना. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं. मान हलली. जरा थांबून विचारलं, "आता दुखत नाही ना?" मान हलली, तशीच खाली. त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि ओठ नवऱ्याच्या कानाशी नेले.

"मी मारलं का हो तुम्हाला?"

होयबांनी मान हलवली. शिवाय, तसदी दिल्याबद्दल माफी मागावी तसं बघितलं. संध्याकाळी ते गेले.

नंतर गल्लीत वहिनींचा मान वाढला. जो तो म्हणे, "मरणारा माणूस खोटं बोलत नाही." खोटं ते जन्मात बोलले नव्हते, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. ते फक्त हो म्हणायचे. पण एवढं तोंडातून काढायचं म्हणजे पुढचंही काढावं लागलं असतं, म्हणून त्या गप्प राहिल्या. धाकटा कोठडीत राहिला.

खटल्याच्या आदल्या दिवशी धाकटी जाऊ आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"ताई, रडायला नाही आले मी. एवढंच विचारते, दादांनी कधी कुणाला नाही म्हटलेलं आठवतंय तुम्हाला?"

"मला म्हटले असतील."

"कशाला?"

"दूध उतू जाईल माझं," असं म्हणून वहिनी आत गेल्या. चुलीवर दूध नव्हतं. त्या थंड भांड्यासमोर उभ्या राहिल्या, जाऊ निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, "मान स्पष्ट हलली?"

"स्पष्ट."

"मनात काही शंका?"

"मान हलली, त्यात शंका नाही," वहिनी म्हणाल्या. सरकारी वकील खूश होऊन खाली बसले.

मग आरोपीचे वकील उठले. हे वृद्ध, किडकिडीत. म्हणाले, "बाई, माझंही एक घड्याळ तुमच्या यजमानांकडे होतं. उद्या देतो म्हणाले होते."

न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, घड्याळाचं नंतर बघू."

"मीही तेच म्हणत आलोय, साहेब, गेली कित्येक वर्षं." मग त्यांनी वहिनींकडे वळून सरळ विचारलं, "तुमच्या यजमानांनी कधी कुणाला नाही म्हटलं होतं का?"

वहिनींनी पिंजऱ्याकडे पाहिलं. धाकटा वाळून कोळ झाला होता. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. शर्टाचं बटण पिळत होता. 'म्हटलं होतं की,' एवढंच बोललं की संपलं असतं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "कधीच नाही." मग कुणी न विचारता पुढचं बाहेर आलं. "साहेब, जबानी झाल्यावर मीही त्यांना विचारलं होतं. मी मारलं का म्हणून."

"मग?"

"हो म्हणाले."

कोर्टातला पंखासुद्धा घाबरून फिरावं तसा फिरत होता. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, हे इतके दिवस का दडवलंत?"

"लाज वाटली."

"निरपराध दिराला अडकवल्याची?"

"ती नंतर वाटायला लागली, साहेब. आधीची निराळी होती." वहिनींनी कठड्याचं लाकूड घट्ट धरलं. "आमचं लग्न ठरताना वडीलधाऱ्यांनी यांना विचारलं होतं, मुलगी पसंत आहे ना? तेव्हाही मान अशीच खाली गेली होती. त्या एका मानेवर मी संसार केला. त्यांचा हो कवडीमोलाचा होता हे चारचौघांत सांगायचं, तर मग माझं काय राहिलं?"

कारकुनाला हसू आलं होतं. ते त्यानं खोकल्यात घातलं आणि मग खरोखरच खोकत बसला.

धाकटा सुटला. मारणारा कधी सापडला नाही. घड्याळ न मिळालेल्या माणसांवर संशय घ्यायचा तर अर्धं गाव पिंजऱ्यात उभं करावं लागलं असतं, आणि त्यात एक वकीलही निघाला असता.

पुढे एका सकाळी धाकटा दुकानात आला. वहिनी घड्याळं पुसून ज्याची त्याला परत देण्यासाठी लावून ठेवत होत्या. कोपऱ्यात छत्र्यांचा ढीग होता. धाकटा स्टुलावर बसला, एक छत्री उघडून पाहिली, मिटली.

"वहिनी, झालं गेलं जाऊ दे," तो म्हणाला. "तुम्हाला तेव्हा खरंच वाटलं होतं ना, मीच मारलं म्हणून? माणसाचा होतो गैरसमज."

किती भला प्रश्न होता. उत्तर आत घालूनच दिलेला. नुसती मान हलवली की दोघंही मोकळी. वहिनींची मान खाली जायला लागलीही होती. अर्ध्यात त्यांना ती ओळखीची वाटली, आणि त्यांनी ती तिथंच धरली.

"नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही असं करणार नाही, हे मला माहीत होतं."

धाकट्यानं हातातली छत्री ढिगावर ठेवली. मग उठला, भिंतीवरचं वडिलांचं घड्याळ काढलं, काखेत घेतलं आणि निघाला. वहिनींनी चहाचं विचारलं नाही. त्या खाली बघून एकच काच पुसत राहिल्या, ती केव्हाची लख्ख झाली होती तरी.