मॅकरोनी कुणी केली?

चर्चमध्ये उभी राहून मीच बोलून बसले होते. "दर रविवारी बाहेर जेवता ना? डाउनटाउनला जाऊन रांगा लावता ना? मग आपल्या काळ्या माणसांच्या हॉटेलांत जा की. माझ्या भाचीचं, डेल्फीनचं, एकोणऐंशीव्या रस्त्यावर आहे, तिथं या." सगळे 'आमेन' म्हणाले. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही.

आता प्रार्थना आटोपून ती सगळी मंडळी टोप्या-सुटांत नटून डेल्फीनच्या टेबलांवर येऊन बसली होती, आणि मी उगाच आत-बाहेर करत होते.

डेल्फीननं मला स्वच्छ सांगितलं होतं, "आत्या, रविवार भरायला लागले नाहीत तर महिनाअखेर मी कुलूप लावणार. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये नोकरी मिळतेय." पोरीनं एकटीनं रेटलं होतं हो सगळं. उद्घाटनाला लोक आले, फोटो काढले, 'आम्ही तुझ्या पाठीशी आहोत' म्हणाले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

त्यात ही मॅकरोनी. चीज घालून भट्टीत भाजलेली मॅकरोनी आमच्यात कुणीही उठून करत नाही. प्रत्येक घरात ती एकाच बाईच्या हातची असते आणि तो मान मिळेपर्यंत केस पिकतात. आमच्याकडे तो ओडेसावहिनीचा, म्हणजे डेल्फीनच्या आईचा होता. वहिनी गेल्या वर्षी गेली. आणि ही बया आज पहिल्यांदाच स्वतः करून ट्रेच्या ट्रे भरून बसली होती.

मी आत जाऊन कुजबुजले, "विचारणारच ते, कुणी केली म्हणून."

"मग सांगेन."

"आईच्या पद्धतीनं केली म्हण."

"नाही केली आईच्या पद्धतीनं. मला जमते तशी केलीय. तू ताटं ने बरं, पायात घोळू नकोस."

ताटं नेली. पहिल्याच टेबलावर विचारलं, "कुणी केली?" मी म्हटलं, "डेल्फीननं." काटे हवेत थबकले. मग सगळे मुकाट जेवायला लागले.

"छान आहे हं," एक बाई म्हणाली. "अभिमान वाटतो पोरीचा," दुसरी म्हणाली. हॉलिस, आमच्या चर्चचा कारभारी, दानपेटीत नोट टाकावी तसा बोलला, "आपल्या माणसांना आधार द्यायलाच हवा."

उभा जन्म या लोकांत काढलाय मी. ज्याला पुन्हा यायचं नसतं तोच असा गोड बोलतो.

खिडकीपाशी मदर प्रुइट बसल्या होत्या. चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, म्हणून सगळे मदर म्हणतात; पास्टरसुद्धा त्यांच्यापुढे दबून असतात. त्यांनी सावकाश घास चावला, काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पोरीला बोलव."

डेल्फीन हात पुसत आली.

"ही तुझ्या आईची नाही."

"नाही, मदर. माझी आहे."

"मीठ कमी पडलंय. कडेला करपलीय. आणि कोलार्डची पालेभाजी अजून शिजायला हवी होती. दात कुठायत मला?"

म्हातारीची जांभळी टोपी ओढून फेकावी असं मला वाटलं. चारचौघांत असं बोलायचं? डेल्फीनचे डोळे भरून आले होते. "हो, मदर," ती कशीबशी म्हणाली.

"नुसतं हो काय? पुढच्या रविवारी येऊन बघणार आहे मी. हीच खुर्ची ठेव, इथं वारा लागत नाही. बहिणीला आणीन. ती माझ्याहून खवट आहे."

मग हॉलिस खाकरला. "खरं सांगू का पोरी, मासा जरा तेलकट झालाय. पुढच्या वेळी निथळून दे."

"चहात साखर किती ती," मागून कुणीतरी म्हणालं. "आणि मला मॅकरोनीचा कडेचा तुकडा हवा, करपलेलाच."

डेल्फीन आत जाऊन ओट्याला टेकली, मीही मागोमाग गेले. "आत्या, किती नावं ठेवतायत गं."

"ठेवू देत गं बाई, ठेवू देत," मी म्हटलं, आणि मलाच रडू आवरेना.