वनिताच्या ढगांचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शिरूर कासारला एका पत्र्याच्या खोलीत, मालनबाईंच्या विटक्या लुगड्याखाली मी झाकलेला असतो. माझ्यात आता काही चालत नाही, पण सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

शहरातल्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभे केले गेले. तिथून मला घरी आणले अनिलने. तो मालनबाईंचा थोरला मुलगा, हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. एसटीत साऱ्या वाटेने त्याने मला मांडीवर धरले होते. त्याची धाकटी बहीण वनिता विद्यापीठात संशोधन करत होती. तिला घरी राहूनही काम करता यावे, म्हणून मी आलो.

माझे काम फार मोठे होते. एखादा तारा फुटला की त्याच्या धक्क्याची लाट अवकाशात पसरते आणि वाटेतल्या वायूच्या दाट गोळ्यांवर, म्हणजे वायूच्या ढगांवर, आदळते. गोळा दाबला जातो, तापतो. पुढे त्याचे काय होते, हे मी गणिते करून पडद्यावर दाखवायचो. उष्णता आतच कोंडली, तर गोळा फुगायचा आणि त्याच्या चिंध्या होऊन विरून जायचा. उष्णता प्रकाशावाटे बाहेर गेली, तर तो आकसायचा, आणखी दाट व्हायचा. तुटला तरी त्याच्या गाठी बराच काळ टिकायच्या. त्या नेमक्या किती काळ टिकतात, हेच वनिताला शोधायचे होते.

शेजारच्या केशरबाई एकदा पडद्याकडे टक लावून म्हणाल्या, "वने, ह्या ढगातून पाऊस कवा पडल गं?"

"मावशी, हे पाण्याचे ढग न्हाईत," वनिता हसली.

"मंग कावून एवढा जीव काढतीस?"

त्यावर अनिलच जास्त हसला. सुट्टीच्या दिवशी तो माझे बाजूचे झाकण उघडायचा आणि सायकलच्या पंपाने माझ्या पंख्यातली धूळ उडवायचा. "लई तापलास का बे?" असे मलाच विचारायचा.

"दादा, हळू. नाजूक हाय ते."

"नाजूक? अन् तू त्याच्यात तारे फोडतीस!"

ते माझे सुखाचे दिवस होते.

त्या हिवाळ्यात कारखान्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली कलंडली आणि अनिल तिच्याखाली सापडला. मला कळले ते दारातल्या आक्रोशावरून.

वनिता रडली नाही. आल्यागेल्यांना तिने पाणी दिले, आईला सावरले, आणि माणसे पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. मग ती उठेचना. एक गणित संपले की दुसरे, त्याहून बारीक, त्याहून जड.

"वने, एकदा रड की गं," मालनबाई म्हणायच्या.

"काम हाय, माय."

उन्हाळा आला. पत्रा तापला. माझ्या पंख्यात धूळ दाटली होती. मी घरघरलो, मधेच बंद पडलो. ती मला पुन्हा सुरू करायची. पूर्वी ती कामाची एक प्रत दुसरीकडे ठेवायची, तेही आता तिच्या ध्यानात राहत नव्हते. एका दुपारी माझ्यातून जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

बीडच्या कारागिराने मला उघडून पाहिले आणि मान हलवली. हिवाळ्यापासूनचे सारे गेले होते. तो गेल्यावर वनिताने माझ्या पंख्याला बोट लावले. बोटाला धुळीचा जाड थर आला. त्या बोटाकडे पाहता पाहता तिला हुंदका फुटला.

"माय, दादानं पुसलं असतं गं हे!"

मालनबाई चुलीपुढून धावत आल्या. तिचे डोके मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "तो गेला, बाई. आता तू तरी ऱ्हा."

दोघी दिवस मावळेपर्यंत तशाच बसल्या होत्या. चूल विझून गेली.

वनिताने ते काम विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रांवर पुन्हा केले आणि तिला पदवी मिळाली. आता ती दूरच्या गावी शिकवते. सुट्टीत आली की आईजवळ बसून अनिलबद्दल बोलते. कधी दोघी हसतात, कधी रडतात. माझ्याकडे ती फारशी पाहत नाही. तिचा राग मला समजतो. तिचे इतके दिवसांचे कष्ट माझ्याच पोटात जळाले.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, एवढे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी एकाएकी फार कामसू आणि फार गप्प झाले, तर शहाणे झाले असे समजू नका. जवळ जाऊन बसा. गेलेल्या माणसाचे नाव काढा. वनिता त्या दिवसांत सर्वांत जास्त वेळ माझ्यासमोर होती, आणि मी तिला फक्त गणिते करून दिली. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.