सर नापास

ठिणगीला तिचं खरं नाव घेऊन फक्त शाळेत हाक मारायचे. शाळा सुटली तसं तेही सुटलं. दहावीच्या वर्गातून ती एक दिवस दप्तर तिथेच टाकून निघून आली, ती परत गेलीच नाही. घरात महिनाभर आरडाओरडा झाला. शेवटी आत्या म्हणाली, "द्या माझ्याकडे. दिवसभर कॉम्प्युटरच बडवत असते, माझ्याकडे बसून बडवू दे."

आत्याचं ऑफिस म्हणजे एका छपाईवाल्याच्या वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली. खाली मशीन सुरू झालं की वर टेबलावरचे चहाचे कप थरथरायचे. तिथे पॅकेज मॅनेजर बनवायचे. म्हणजे तुम्हाला एखादा प्रोग्रॅम हवा असला तर तो आणून बसवणारा, त्याला लागणारं सटरफटर सामानही ओढून आणणारा, आणि नको झालं की सगळं काढून झाडलोट करणारा. त्यात काहीही बदल केला की आधी टेस्ट चालवायच्या. शेकडो छोट्या तपासण्या, आपोआप चालणाऱ्या. सगळ्या हिरव्या आल्या तर माल बाहेर जाणार. एक जरी लाल आली तरी अडकला.

आणि आठवडाभर माल अडकला होता. सरांमुळे.

सर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून हे काम शिकले आणि आत्याकडे आले. खुर्चीवर ठेवायला घरून उशी आणायचे, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे. झाडलोटीचा भाग त्यांच्याकडे होता. त्यांच्या टेस्ट रोज लाल यायच्या.

खरं सांगायचं तर ठिणगीला मजा येत होती. जन्मभर दुसऱ्यांना नापास करणारा माणूस रोज सगळ्यांसमोर नापास होतोय! सोमवारी तिने भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सर नापास'. लंबू, म्हणजे तिच्या शेजारी बसणारा, खुर्चीतून पडेपर्यंत हसला. सरही हसले, जरा उशिरा.

बुधवारी मात्र तिचं डोकं फिरलं. तिचं स्वतःचं काम कधीच झालं होतं, आणि सरांपायी ते बाहेर जाईना.

"अहो, तुमच्या टेस्टने एक म्हणायला हवं आणि ती दोन म्हणते! कॉम्प्युटरवर एकच प्रोग्रॅम बसवलाय ना तुम्ही? मोजता येत नाही का? गणिताचे सर ना तुम्ही?"

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. सर हळूच म्हणाले, "अगं, पण एकट्या चालवल्या की पास होतात."

"एकटं असताना सगळेच शहाणे असतात, सर!"

या वेळी लंबूसुद्धा पोटभर हसला नाही. सरांनी पेन उचललं. कागदावर काहीतरी खरडलं, खोडलं, परत खरडलं.

शुक्रवारी दुपारी आत्याने निकाल लावला. "सर, तुम्ही गिऱ्हाइकांच्या फोनचं बघा आता. ठिणगे, झाडलोट तू घे. संध्याकाळपर्यंत माल गेला पाहिजे."

सरांनी मान हलवली. उशी उचलली आणि दाराजवळच्या फोनच्या टेबलाशी नेऊन ठेवली.

ठिणगी बाह्या सरसावून बसली. सरांच्या टेस्ट एकट्या चालवल्या. सगळ्या हिरव्या. तिने नाक मुरडलं. मग सगळ्यांबरोबर चालवल्या. लाल. एकऐवजी दोन.

हा दुसरा कोण उपटला? तिने एक ओळ टाकली, की बाई, नुसतं दोन म्हणू नकोस, नावं सांग. पुन्हा चालवलं.

पहिलं नाव सरांच्या प्रोग्रॅमचं. दुसरं, 'भोपळा'.

भोपळा तिचा होता. टेस्टसाठी खोटा खोटा प्रोग्रॅम लागतो. गेल्या आठवड्यात तिने एक बनवला होता आणि गणिताच्या पेपरात मिळायचा त्याची आठवण म्हणून हौसेने ते नाव ठेवलं होतं. तिची टेस्ट भोपळा बसवायची, तपासायची आणि निघून जायची. काढायचीच नाही. पुढच्या पंगतीला उष्टं ताट. तिच्या टेस्टचा नंबर आधी, सरांचा तिच्या मागून. ते बिचारे बरोब्बर मोजत होते.

तिने मान वर न करता एक ओळ लिहिली. काम झालं की भोपळा काढ. एकच ओळ. चालवलं. हिरवं, हिरवं, खालपर्यंत हिरवं.

"झालं?" आत्या पाठीमागून ओरडलीच. "बघा! आठवडा घालवला सरांनी, पोरीने चहा निवायच्या आत केलं! दादाला फोन करते आज. म्हणावं, तुझी पोरगी वाया नाही गेली."

दादा म्हणजे ठिणगीचे बाबा. शाळा सोडल्यापासून तिच्याशी कामापुरतं बोलायचे. हा फोन व्हावा म्हणून ती वर्षभर वाट बघत होती. आता तिला वाटलं, फोनची तारच कुणीतरी कापावी.

तेवढ्यात सर आले. हातात पेन, कागद. वाकून म्हणाले, "काय चुकत होतं गं माझं? सांग, म्हणजे शिकेन तरी."

"काही नाही. छोटंसं होतं."

"छोटं तर छोटं. लिहून घेतो."

"झालंय ना आता! कशाला परत परत?"

सर दचकले. "बरं बरं," म्हणाले आणि पेनाला टोपण लावत गेले.

ठिणगी उठून बाहेर नळाशी गेली. लंबू डबा धूत होता.

"चिडू नकोस त्यांच्यावर," तो म्हणाला. "काल जिन्यात मला विचारत होते, वयामुळे असेल का रे? बायकोलाही म्हणाले म्हणे, डोकं चालेनासं झालंय माझं."

नळ चालूच राहिला. तिचे कान तापले. थोबाडीत बसल्यावर तापतात तसे, आणि मारणारं तर कुणीच नव्हतं.

ती आत आली. आत्याने फोन कानाला लावला होता, पलीकडे घंटा वाजत असणार. ठिणगी सरांच्या नव्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"सर," ती पुटपुटली. "तुमचं काही चुकत नव्हतं. माझी टेस्ट घाण ठेवून जात होती. मी गुपचूप दुरुस्त केली."

सरांनी चष्मा काढला. तिच्याकडे बघितलं. "बाळ, असू दे" असं काहीतरी म्हणतील, अशी तिला आशा होती. तिला तसं म्हणणारे लोक भेटले होते.

"बुधवारी तू इतक्या हळू बोलली नव्हतीस," सर म्हणाले.

ती वळली.

"आत्या, फोन ठेव."

"अगं, लागतोय आत्ता."

"ठेव म्हणते ना! चूक माझी होती. आठवडाभर माझी. सरांच्या टेस्ट बरोबर होत्या. मी लपवलं."

आवाज मोठाच निघाला, पण मध्येच फाटला. लंबू ओला डबा घेऊन दारात थबकला. आत्याने फोन खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. पोरीकडे नाही, फळ्याकडे बघितलं. तिथे अक्षरं अजून तशीच होती. ठिणगीने जाऊन ती तळहाताने पुसली. सगळी पुसली गेली नाहीत, 'नापास' फिकट दिसतच राहिलं.

"माझी उशी," सर म्हणाले.

तिने दाराजवळची उशी उचलली, जुन्या खुर्चीवर नेऊन ठेवली. सर बसले. "मीच चालवतो आता. पहिल्यापासून. उभी राहा इथे."

ओळी एकेक करून वर सरकू लागल्या. मध्येच भोपळा आला, पास झाला, गेला. सर हसले नाहीत. मग त्यांच्या टेस्ट सुरू झाल्या. हिरवी. हिरवी. प्रत्येक ओळीपाशी ते थांबत होते, बोट ठेवत होते, पुढे जात होते.

ठिणगीला वाटत होतं, एखादी तरी लाल यावी. म्हणजे त्या गडबडीत तिला तिथून निघता आलं असतं. पण त्या सगळ्या हिरव्याच येत राहिल्या.